सरावात बसणारा स्मॅश मॅचमध्ये का अडकतो? चार नंबरच्या अटॅकचं समस्या निवारण

व्हॉलीबॉलच्या कोचेसची तक्रार दर हंगामात तीच. सरावात पोरं धडाधड मारतात, आणि मॅच सुरू झाली की तोच बॉल नेटमध्ये जातो, नाहीतर ब्लॉकला, म्हणजे समोर नेटवर उडून अडवणाऱ्या हातांना, लागून आपल्याच पायाशी पडतो. शालेय स्पर्धा जवळ आल्या की कळवा असो, ऐरोली असो की नेरूळ, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोचेसच्या तोंडी हाच विषय. त्यावर उपायही ठरलेला: आणखी स्मॅश मारून घ्या, दोरीच्या उड्या वाढवा, दंडात ताकद आणा. ताकद वाढवायला हरकत नाही, पण दुखणं बहुतेक वेळा दंडात नसतंच. ते एक-दोन टच आधी असतं, आणि त्याच्याही आधी आपल्या सरावाच्या पद्धतीत.

आपल्याकडचा सर्वात लाडका ड्रिल घ्या. लिफ्टर, म्हणजे अटॅकसाठी बॉल उचलून देणारा, नेटजवळ उभा, चार नंबरला, म्हणजे नेटजवळच्या डाव्या टोकाला, मुलांची रांग, प्रत्येकाच्या हातात बॉल. मुलगा बॉल लिफ्टरच्या डोक्यावर फेकतो, लिफ्टर उचलतो, मुलगा मारतो आणि बॉल आणायला पळतो. बघायला छान वाटतं, पालकही खूश होतात. पण यात सर्व्हिस नाही, रिसीव्ह नाही, समोर ब्लॉक नाही. बॉल आपल्यालाच येणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं. मॅचमध्ये याच मुलाला आधी सर्व्हिस उचलावी लागते, वाकलेल्या गुडघ्यांवरून उठून कोर्टाबाहेर निघावं लागतं, लिफ्ट कशी येते ते बघावं लागतं आणि समोरचे चार हातही दिसावे लागतात. रांगेच्या सरावात यातला फक्त शेवटचा अर्धा सेकंद घोटला जातो. हा ड्रिल वॉर्म-अपपुरता ठेवा, दहा मिनिटं. त्यालाच अटॅकचा सराव म्हणू नका.

आधी नेट मोजा

मुलांना दोष देण्याआधी हे एक काम करा. नियमाप्रमाणे नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर, तीही कोर्टाच्या मध्यावर मोजलेली. दोन्ही साइडलाइनवर उंची सारखी हवी आणि ती मधल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून जास्त असता कामा नये. लहान वयोगटाची उंची त्या वर्षीच्या स्पर्धेच्या परिपत्रकात बघून घ्या. आता आपल्या मैदानावरचं नेट बघा. वरची दोरी सैल, एक खांब किंचित आत कललेला, आणि मधोमध नेट वीतभर खाली आलेलं. वर्षभर पोरं या झोळातून मारतात. स्पर्धेत नेट ताणलेलं असतं आणि तीन नंबरवरचा, म्हणजे नेटच्या मधोमधचा, हक्काचा बॉल पट्टीला लागतो. मग ‘प्रेशर आलं’ असं आपणच म्हणतो.

एका बांबूवर रंगाने खूण करून ठेवा आणि रोज सराव सुरू होण्याआधी मध्यावर लावून बघा. दोन्ही टोकांना अँटेना (साइडलाइनच्या वर नेटला उभ्या लावलेल्या काठ्या) नसतील तर त्या जागी काठ्या बांधा, नेटच्या वर साधारण ८० सेंटिमीटर दिसतील अशा. अँटेना नसलेल्या नेटवर वाढलेल्या लिफ्टरला बॉल कुठपर्यंत न्यायचा याचा अंदाजच येत नाही, आणि स्मॅशरला लाइन दिसत नाही. बॉलमधली हवाही बघा. दाब ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. दगडासारखा फुगवलेला बॉल रिसीव्हला हातावरून उडतो आणि पुढचं सगळंच बिघडतं.

बॉल नेटमध्ये जातो किंवा लांब आउट जातो

ही दोन वेगवेगळी लक्षणं वाटतात, पण पुष्कळदा मूळ एकच असतं: मुलगा लवकर निघतो.

मोबाइल घ्या, साइडलाइनच्या बाहेर उभे राहा आणि स्लो मोशनमध्ये पाच-सहा बॉल शूट करा. मग लिफ्टरच्या बोटांना बॉल लागतो त्या क्षणी चित्र थांबवा आणि स्मॅशरचे पाय बघा. उंच लिफ्टसाठी त्या वेळी तो तीन मीटरच्या रेषेच्या मागे, साइडलाइनच्या बाहेर आणि जवळजवळ स्थिर असायला हवा. आपल्याकडच्या दहा व्हिडिओंपैकी बहुतेकांत तो रेषा ओलांडून आत आलेला दिसेल. आता त्याला बॉलखाली थांबावं लागतं. थांबला की धावेतून मिळणारी उडी गेली. तो जागच्या जागी उडतो, तेही लवकर, आणि बॉल हातात येईपर्यंत खाली यायला लागलेला असतो. कोपर वाकतं, बॉल खांद्याच्या उंचीवर लागतो आणि नेटमध्ये जातो. अगदी बॉलखाली घुसला असेल तर बॉल डोक्याच्या मागे राहतो, हात खालून लागतो आणि बॉल थेट मागच्या रेषेच्या पार.

उजव्या हाताच्या खेळाडूची धाव डावा, उजवा-डावा अशी तीन पावलांची, किंवा आधी एक उजवं पाऊल जोडून चारची. पहिलं पाऊल सावकाश. शेवटच्या दोनांतलं पहिलं सर्वात लांब, टाच आधी टेकवून, आणि दुसरं लगेच त्याच्या पुढे, पंजा किंचित आत वळवून. तिथे पुढची गती वर वळते. शब्दांत हे सगळ्या मुलांना पाठ असतं. ‘कधी निघायचं’ हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. उंच लिफ्टसाठी साधी सूचना पुरते: बॉल वरच्या टोकाला पोचेपर्यंत हलायचं नाही.

सूचना दिली म्हणून सवय जात नाही, त्यामुळे मारणं काही दिवस बंद करा. धाव घ्यायची, उडायचं आणि बॉल मारण्याऐवजी सर्वात उंच ठिकाणी दोन्ही हातांनी पकडायचा. कोपरं सरळ, बॉल उजव्या खांद्याच्या समोर. छातीशी पकडला तर तो झेल बाद. मुलांना हा ड्रिल कंटाळवाणा वाटतो आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी ‘सर, मारू या ना’ म्हणतोच. पण चूक त्यांची त्यांना कळते हा याचा मोठा फायदा. नेरूळला सरावाला येणारी एक मुलगी दर बॉलला कपाळाशी पकडायची. तिला वाटत होतं लिफ्ट बुटकी येते. कोचने तिला कोर्टाबाहेर एका चुन्याच्या ठिपक्यावर उभं केलं आणि स्वतः ‘आता’ म्हणेपर्यंत निघायचं नाही असं ठरवलं. ‘आता’ हा शब्द तिच्या सवयीपेक्षा इतका उशिरा आला की ती चिडली, आता पोचणारच नाही म्हणाली. पोचली, आणि बॉल हात पूर्ण ताणून पकडला. लिफ्ट आधीचीच होती. त्यानंतर ‘आता’ म्हणायचं काम तिच्याकडेच दिलं, रांगेतल्या पुढच्या मुलीसाठी.

ब्लॉकला लागतो

इथे जरा थांबू या, कारण खरा खेळ इथे आहे.

चार नंबरला उंच लिफ्ट म्हणजे लिफ्टरच्या हातापासून बॉल सुमारे ३ मीटर वर जातो असं धरा. गुरुत्वाकर्षणाचा साधा हिशेब केला तर तेवढा वर जाऊन त्याच उंचीवर परत यायला त्याला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. समोरचा मधला ब्लॉकर तीन नंबरवरून निघतो. त्याला साधारण तीन-साडेतीन मीटर सरकायचं असतं, म्हणजे दोन-तीन पावलं. दीड सेकंदात तो आरामात पोचतो, बाहेरच्या ब्लॉकरच्या खांद्याला खांदा लावतो आणि वर चार हात उभे राहतात. आता तीच लिफ्ट दीड मीटर वर जाणारी करा. वेळ उरतो १.१ सेकंद. ब्लॉकर निघतो, पण उशिरा पोचतो. त्याचे हात तिरके असतात आणि दोघांमध्ये बॉल जाईल एवढी फट राहते. तुमच्या मुलाची उंची किंवा ताकद यात कणभरही वाढलेली नाही.

म्हणून ब्लॉक होतोय म्हटल्यावर पहिला इलाज लिफ्टची उंची उतरवण्याचा. एकदम नाही, आठवड्याला हातभर. लिफ्ट खाली आली की धाव बदलते. आता बॉल टोकाला जायची वाट बघता येत नाही, लिफ्टरच्या हातातून सुटला की निघावं लागतं. म्हणूनच आधी उंच लिफ्टवरची वेळ पक्की हवी, उलट क्रमाने शिकवायला गेलात तर दोन्ही बिघडेल.

दुसरा इलाज बॉल नेटपासून दूर ठेवण्याचा. आपले लिफ्टर नेटला चिकटलेली लिफ्ट चांगली समजतात, कारण त्यावर सरावात खाली दणका बसतो. ब्लॉक समोर असला की तोच बॉल ब्लॉकरचा. शालेय संघाला मी मीटरभर, जरा जास्तच, दूरची लिफ्ट द्यायला सांगतो. तिथून लाइन (साइडलाइनलगत सरळ), क्रॉस (तिरका), प्लेसिंग (हळूच मोकळ्या जागी) सगळं उघडं राहतं. लिफ्टर रुसतात, कारण आता स्मॅश खाली आपटत नाही, लांब जातो. रुसू द्या.

तिसरं, ब्लॉकचा उपयोग करून घेणं. चार नंबरवरून मारताना समोरच्या बाहेरच्या ब्लॉकरचा अँटेनाकडचा हात म्हणजे त्याचा उजवा. त्या हाताच्या बाहेरच्या कडेवर मारलेला बॉल टच-आउट होऊन साइडलाइनबाहेर जातो. बोटांच्या टोकांवर उंच मारलेला मागे, त्यांच्या कोर्टाच्या पार. हे शिकवायचं तर ब्लॉक लागतोच. बाकावर किंवा टेबलावर माणूस उभा करून ब्लॉक दाखवायची पद्धत मला पटत नाही, नेटखाली उतरणारा पाय टेबलाच्या पायावर पडायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा कॉलेजची दोन उंच मुलं बोलवा, त्यांनी जमिनीवरून उडून हात फक्त सरळ वर ठेवायचे. स्मॅशरला मुद्दाम सांगायचं: पॉइंट टच-आउटचाच, स्वच्छ पडलेला स्मॅश शून्य. पंधरा मिनिटांत मुलांची नजर बॉलवरून हातांकडे जायला लागते. पहिल्यांदाच.

लिफ्टरला एकच वाट माहीत आहे

कागद-पेन घेऊन बाकावरच्या राखीव खेळाडूला बसवा. प्रत्येक रॅलीला तीन गोष्टी लिहायच्या: पास, म्हणजे लिफ्टरकडे आलेला पहिला बॉल, कसा होता (३ म्हणजे लिफ्टर जागेवर, २ म्हणजे दोन-तीन पावलं हलला, १ म्हणजे पळत गेला), लिफ्ट कुठे गेली, आणि पॉइंट मिळाला की गेला की खेळ चालू राहिला. एका मॅचचा कागद पुरतो. बहुतेक शालेय संघांच्या कागदावर दिसतं की पास ३ असताना सुद्धा लिफ्ट चारलाच गेली. मग समोरच्या मधल्या ब्लॉकरला वाट बघायचं कारणच काय? तो सर्व्हिस होताच चारकडे कलतो. त्याच्यासाठी १.१ सेकंदसुद्धा भरपूर झाले.

त्याला तीन नंबरवर धरून ठेवायचा असेल तर मधला अटॅकर खरोखर धावायला हवा, बॉल त्याला मिळो न मिळो. शॉर्ट बॉलला, म्हणजे मधे दिलेल्या बुटक्या, झटपट लिफ्टला, मधला मुलगा लिफ्टरच्या बोटांना बॉल लागतो तेव्हाच हवेत असतो. शालेय पातळीवर हे जुळायला वेळ लागतो, तोवर जरा उंच, मीटरभर वर जाणारा बॉल द्या; मुलाने लिफ्टरच्या हाताला बॉल लागताच निघायचं. आमच्याकडे नियम असा: पास ३ असेल तर पहिल्या पाच पॉइंटांत एकदा तरी मधे द्यायचाच, मग तो मार खाल्ला तरी चालेल. त्या एका बॉलने पुढच्या दहा बॉलांना ब्लॉकर अर्धं पाऊल थबकतो.

उंची नाही म्हणून वेगवान खेळ जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी जपानच्या पुरुष संघाकडे बघावं. युरोपातल्या संघांपुढे ते ठेंगणे. कोच यासुताका मात्सुदाइरा यांच्या हाताखाली त्यांनी शॉर्ट बॉल आणि त्यामागून येणाऱ्या दुसऱ्या अटॅकरची गुंफण बांधली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्य, १९६८ ला रौप्य आणि १९७२ ला म्युनिकमध्ये सुवर्ण. त्याच संघातल्या जुंगो मोरिताने शॉर्टला उडायची हूल द्यायची, ब्लॉकर वर गेला की क्षणभर थांबून मग स्वतः उडायचं, ही युक्ती प्रचारात आणली. चौदा वर्षांखालच्या मुलांना ही हूल भलती आवडते, सांभाळा. मूळ शॉर्ट येत नसताना हूल कोणाला पडणार?

बॅक लिफ्टचं, म्हणजे पाठीमागे दिलेल्या लिफ्टचं, थोडक्यात: दोन नंबरचा, म्हणजे नेटजवळच्या उजव्या टोकाचा, मुलगा डावखुरा असेल तर सोनं, नसेल तरी द्या. लिफ्टरच्या पाठीची कमान बॉल हातात येण्याआधीच दिसत असेल तर ब्लॉकरला चिठ्ठी पाठवल्यासारखं आहे. पुढे द्यायचा असो वा मागे, बॉल कपाळावर एकाच जागी घ्यायचा, एवढं करून घ्या.

लिफ्टर पुढच्या रांगेत असतो त्या तीन रोटेशनमध्ये (खेळाडूंच्या जागा फिरतात त्या क्रमात) पुढे दोनच अटॅकर उरतात आणि पॉइंट तिथेच अडकतात. कागदावर तेही दिसेल. तिथे एक नंबरवरून, म्हणजे मागच्या उजव्या कोपऱ्यातून, मागचा अटॅक लागतो. उडी तीन मीटरच्या रेषेमागून, रेषेला पायही न लागता. उतरताना पुढे आलं तरी चालतं. सतरा वर्षांखालच्या संघात एक तरी मुलगा हे करू शकतो, त्याला कोणी विचारलेलं नसतं एवढंच.

ब्लॉक झाला, बॉल पडला, सगळे बघत राहिले

हे निव्वळ सवयीचं दुखणं आहे, इलाज सोपा. ब्लॉकचा स्पर्श तीन टचमध्ये मोजला जात नाही आणि समोरच्यांच्या ब्लॉकवरून परत आलेल्या बॉलवर आपल्याला पुन्हा पूर्ण तीन टच मिळतात. म्हणजे स्मॅश अडला तरी रॅली संपलेली नाही. लिफ्ट चारला गेली की तिघांनी स्मॅशरभोवती खाली बसायचं, दोघांनी मागे राहायचं. सरावात स्मॅशरला मुद्दाम अर्ध्या ताकदीने ब्लॉकवर मारायला लावा आणि आलेला बॉल उचलून पुन्हा अटॅक झाला तरच पॉइंट द्या. अवघड बॉल असेल तर जोर न लावता ब्लॉकवर टेकवून परत घ्यायचा आणि नवा अटॅक बांधायचा, हे मुलं आपसूक शिकतात.

खाडीचा वारा आणि पावसाळा

वाशी, ऐरोली, कोपरी या बाजूच्या मोकळ्या मैदानांवर दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, मार्च ते मे तर जोरात. कोर्ट उत्तर-दक्षिण आखलेलं असेल तर वारा आडवा लागतो. उत्तरेकडे तोंड करून खेळताना चार नंबर पश्चिमेला, म्हणजे लिफ्ट वाऱ्याविरुद्ध जाते आणि आत पडते. बाजू बदलली की चार नंबर पूर्वेला, तीच लिफ्ट अँटेनाबाहेर उडते. पहिला सेट जिंकून दुसऱ्यात ढेपाळलेले संघ मी याच कारणाने बघितलेत. नाणेफेकीआधी मुठीत माती घेऊन सोडा आणि लिफ्टरला दोन्ही बाजूंचं गणित सांगून ठेवा. निर्णायक सेटमध्ये ८ गुणांवर बाजू बदलते, तिथेही आठवण हवी. वाऱ्यात उंच लिफ्ट म्हणजे लॉटरी, बुटकी लिफ्ट इथेही कामी येते.

जूनपासून मैदान चिखलात गेलं की आपण शाळेच्या हॉलमध्ये शिरतो आणि छत बुटकं म्हणून कुरकुरतो. नियमाप्रमाणे खेळाच्या जागेवर किमान ७ मीटर मोकळी उंची हवी आणि छताला लागलेला बॉल बाद. शाळेच्या हॉलमध्ये तेवढी उंची कुठली, वर पंखेही असतात. पण वेगवान लिफ्ट शिकवायला यापेक्षा चांगली जागा नाही. उंच बॉल शक्यच नसतो, लिफ्टरला हात खाली आणावाच लागतो. जून ते ऑगस्ट हे तीन महिने याच कामाला लावा. फरशी घट्ट असते, गुडघ्यांचा विचार करा. वाढत्या वयातल्या मुलांच्या पूर्ण ताकदीच्या उड्या एका सत्रात चाळीसच्या आसपास थांबवा, बाकी वेळ पास आणि लिफ्टला द्या.

सत्राचा साचा विचाराल तर माझा तरी ठरलेला आहे. रांगेचे स्मॅश दहा मिनिटं. त्यानंतर प्रत्येक बॉल पलीकडून सर्व्हिसनेच सुरू होणार. रिसीव्ह करणाऱ्यानेच चारला जाऊन मारायचं, समोर ब्लॉक कायम. तीन चांगले अटॅक सलग झाल्याशिवाय रोटेशन फिरत नाही. मुलं एखाद्या रोटेशनमध्ये पाऊण तास अडकतात, घामाघूम होतात, एकमेकांवर ओरडतात. त्यांना तिथून लवकर सोडवायला कोचचे हात शिवशिवतात, सोडवू नका.

आणि मॅच चालू असताना हे दुखणं उमटलं तर? टाइम-आउट ३० सेकंदांचा असतो. त्यात धाव, हात, पास, सगळं सांगायला गेलात तर काहीच पोचत नाही. लिफ्टरला एवढंच सांगा: पुढचा चांगला पास मधे. स्मॅशरला एवढंच: बाहेरचा हात. उरलेल्या वेळात पाणी पिऊ द्या.